वरूनच स्लो आहे : टॉरंट आणि व्हीपीएन एकत्र नांदवू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ज्यांनी घरी १०० मेगाबिटचे कनेक्शन घेतले आहे, वर व्हीपीएनचे दोन वर्षांचे पैसे एकदम भरले आहेत (एकेका महिन्याचे महाग पडतात म्हणून) आणि तरीही टॉरंटच्या 'उरलेला वेळ' या रकान्यात ज्यांना आडवा आठ दिसतो, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. तो आठ नव्हे. आठ तास, आठ दिवस असाही त्याचा अर्थ नाही. ते अनंताचे चिन्ह आहे आणि प्रोग्रामने ते प्रामाणिकपणे, हिशोब करून टाकलेले आहे.

तुम्ही काय उतरवताय हे आम्ही विचारणार नाही. या पुस्तिकेपुरता प्रत्येक वाचक उबुंटू लिनक्सची आयएसओ फाइल उतरवतो आहे असे धरले आहे. महाराष्ट्राला लिनक्सची एवढी ओढ कधी लागली, आणि ती नेमकी शुक्रवारी रात्रीच का लागते, असले प्रश्न मनात आले तरी गिळावेत. फक्त एवढे सांगून ठेवतो की व्हीपीएन चालू केल्याने १९५७ चा कॉपीराइट कायदा बंद होत नाही. जर्मनीत शिकायला गेलेल्या मुलांना तर हे सांगायलाच नको. तिथे एका चित्रपटाच्या टॉरंटपायी वकिलाचे पत्र आणि शेकडो युरोंची मागणी पोस्टाने घरी येते.

पहिली दहा मिनिटे

वेग पडला की नवशिक्याने काय करायचे हे परंपरेने ठरलेले आहे. मोडेम बंद करून चालू करावा. टॉरंट थांबवून पुन्हा सोडावे. व्हीपीएनचा देश बदलावा. पाच मिनिटांनी पुन्हा बदलावा. मग एखादा व्हिडिओ लावून त्यातला उत्साही तरुण सांगेल त्या सगळ्या सेटिंग्ज एका दमात बदलाव्यात, आणि आधी त्या काय होत्या हे कुठेही लिहून ठेवू नये. त्यानंतर पुण्यातल्या भाच्याला फोन करावा, कारण तो आयटीत आहे. भाचा पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरची चाचणी करतो, पण मामाला नाही कसे म्हणणार? तो 'मामा, व्हीपीएन बंद करून बघा' असे सांगतो आणि मीटिंगला जातो.

सगळ्यात शेवटी इंटरनेटवाल्याला फोन. त्याचे उत्तर ठरलेले असते: "सर, वरूनच स्लो आहे."

हे वाक्य कधीकधी खरेही असते, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे. २०२५ च्या सप्टेंबरात तांबड्या समुद्रात, जेद्दाहजवळ, समुद्रतळाच्या दोन मोठ्या केबल तुटल्या. दोन्ही मुंबईला येणाऱ्या. युरोपकडची वाहतूक लांबच्या वाटेने वळवावी लागली आणि भारतापासून आखातापर्यंत सगळ्यांचा वेग पडला. त्या दिवसांत ज्याने ॲमस्टरडॅमचा व्हीपीएन सर्व्हर निवडला होता, त्याच्या बाबतीत इंटरनेटवाला शब्दशः बरोबर होता. एरवी मात्र हे वाक्य फोन ठेवण्यासाठी असते.

या साऱ्या खटाटोपात दोष एकच. एका वेळी पाच गोष्टी बदलल्या की सुधारले तरी कशाने सुधारले ते कळत नाही, आणि बिघडले तर परतीची वाट उरत नाही. म्हणून यापुढचे सगळे एकेक करून करायचे. हातात पेन आणि पाठकोरा कागद घ्यावा. लाइटबिलाची मागची बाजू चालेल.

आकडे

आधी हे पाहा की तक्रार करण्यासारखे काही घडले आहे का. कनेक्शन विकताना वेग मेगाबिटमध्ये सांगतात, टॉरंटचा प्रोग्राम तो मेगाबाइटमध्ये दाखवतो आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणजे १०० मेगाबिटच्या लाइनवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट. व्हीपीएन प्रत्येक पाकिटावर आपले वेष्टण चढवते, त्यात चार-पाच टक्के जातात. तुमच्या पडद्यावर ११ दिसत असेल तर पेढे वाटावेत आणि ही पुस्तिका दुसऱ्या कुणाला द्यावी. 'शंभर घेतलंय आणि अकराच मिळतंय' अशी तक्रार करणारे गृहस्थ इंटरनेटवाल्यांच्या चहाच्या वेळेत फार लोकप्रिय असतात.

आकडा खरोखर कमी असेल तर तीन मोजण्या घ्यायच्या. व्हीपीएन बंद ठेवून साधी स्पीड टेस्ट, व्हीपीएन चालू करून तीच टेस्ट, आणि तिसरी व्हीपीएन चालू ठेवूनच उबुंटूच्या अधिकृत टॉरंटवर. उबुंटू इथे थट्टेने आलेले नाही. त्या फाइलला जगभर भरपूर सीडर असतात, त्यामुळे 'देणारेच नाहीत' ही शंका आपोआप बाद होते. पहिली मोजणीच कमी आली तर व्हीपीएन निर्दोष आहे. पहिली चांगली आणि दुसरी पडलेली असेल तर दोष व्हीपीएनच्या सर्व्हरमध्ये किंवा प्रोटोकॉलमध्ये. दोन्ही चांगल्या आणि फक्त टॉरंट रडत असेल, तर पोर्टच्या प्रकरणावर उडी मारावी. मधले वाचण्यात वेळ घालवू नये. मोजणीची वेळही लिहावी. रात्री साडेनऊला अख्खी सोसायटी एकाच वेळी मालिका बघत असते, आणि पहाटे पाचचा आकडा बघून कंपनी चांगली आहे असा निष्कर्ष काढणे हा स्वतःवरच अन्याय आहे.

मोजताना वाय-फाय नको, वायर लावा. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. तेवढ्यात चाळीस फ्लॅटचे राउटर भांडत असतात. त्यातून आपला राउटर टीव्हीच्या शोकेसमध्ये, काचेमागे, क्रोशाच्या रुमालाखाली ठेवलेला. रुमाल काढण्याचा निर्णय घरातल्या ज्येष्ठांशी बोलून घ्यावा. तांत्रिक कारण पुरेसे ठरेलच असे नाही.

झेंडे

व्हीपीएनच्या ॲपमध्ये देशांचे झेंडे असतात. नवशिक्या आधी भारताचा झेंडा दाबतो. जवळचा सर्व्हर वेगवान, हे तर्कशास्त्र चुकीचे नाही. घोटाळा झेंड्यात आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सरकारी संस्थेने निर्देश काढले, की व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आणि त्यांना दिलेले आयपी ५ वर्षे जपून ठेवावेत. नोंदी न ठेवणे हाच ज्यांच्या जाहिरातीचा मुख्य मुद्दा, त्यांना हे कसे परवडणार? एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातली यंत्रेच काढून घेतली. झेंडा मात्र अनेकांच्या यादीत राहिला, किंवा पुढे परत आला. आता तो दाबला की पत्ता भारतीय मिळतो आणि यंत्र सिंगापूरला नाहीतर युरोपात असते. अशा सर्व्हरला व्हर्च्युअल म्हणतात, आणि बरेच पुरवठादार ते बारीक अक्षरांत सांगतातही.

खात्री करणे सोपे आहे. व्हीपीएन बंद ठेवून त्या सर्व्हरला पिंग करा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंदांच्या आत काही होणे शक्यच नाही. प्रत्यक्षात साठच्या आसपास लागतात. युरोप शंभराच्या वर. 'मुंबई'चे उत्तर मुंबईत बसून पाच मिलिसेकंदांत आले तर ती मुंबई. साठ लागले तर तुम्ही घरबसल्या परदेशवारी केलीत, तीही व्हिसाशिवाय.

एवढे झाल्यावर सांगायला हवे की टॉरंटला हे अंतर फारसे टोचत नाही. एकाच सर्व्हरकडून एक मोठी फाइल ओढताना अंतर जाचते. टॉरंटमध्ये पन्नास ठिकाणांहून एकाच वेळी थोडे थोडे येत असते, त्यामुळे एकूण गोळाबेरीज चांगली भरते. म्हणून भारताच्या झेंड्यासाठी हट्ट धरू नये. सिंगापूर उघड उघड निवडावे. पाहायचे ते एवढेच, की त्या सर्व्हरवर पुरवठादार टॉरंट चालू देतो का, आणि त्यावर गर्दी किती आहे. काही पुरवठादारांनी टॉरंटसाठी सर्व्हर वेगळे काढलेले असतात.

प्रोटोकॉल

इथे फार रेंगाळण्यासारखे नाही. वायरगार्ड असेल तर तो निवडा. तो मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या कर्नलमध्ये दाखल झाला, त्याचा कोड सुमारे ४,००० ओळींचा आहे आणि प्रोसेसरवर त्याचे ओझे कमी पडते. ओपनव्हीपीएनच वापरायचे असेल तर यूडीपीवर वापरा. टीसीपीवर अजिबात नको. टॉरंटमधली बरीच वाहतूक स्वतःच टीसीपीची असते. ती दुसऱ्या टीसीपीच्या आत कोंबली की एखादे पाकीट हरवल्यावर आतला आणि बाहेरचा दोघेही ते पुन्हा पाठवू लागतात, आणि दोघेही वेग कमी करत करत जवळजवळ थांबतात. टीसीपीची सेटिंग बहुधा कुठल्याशा हॉटेलात, तिथले वाय-फाय यूडीपी अडवत होते म्हणून, कुणीतरी लावलेली असते. हॉटेल सुटले, सेटिंग राहिली.

व्हीपीएन राउटरवर बसवण्याचा मोह आवरावा. कंपनीने फुकट दिलेल्या राउटरचा प्रोसेसर दोन-चार फोनना वाय-फाय देण्यापुरता असतो. त्याला १०० मेगाबिटचे सांकेतिकीकरण करायला लावले की तो तापतो आणि वीस-पंचवीसवर बसतो. आणि जर वेबपाने उघडतात, छोट्या गोष्टी चालतात, पण मोठे काही उतरवायला घेतले की अडकते असे लक्षण दिसले, तर एमटीयू (एका पाकिटाची कमाल लांबी, बाइटमध्ये) कमी करून पाहा. इथरनेटचा १५००, वायरगार्डचा नेहमीचा १४२०, पीपीपीओईच्या लाइनवर आधीच ८ गेलेले असतात. १३८० ठेवून पाहावे, नाहीतर १२८०.

पोर्ट

आता मूळ दुखणे. यावर कुणी बोलत नाही, कारण त्यासाठी मोडेम बंद-चालू करता येत नाही.

ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटॉरंट रचले तेव्हा त्यात मध्ये बसून वाटप करणारा कुणी मुख्य सर्व्हर ठेवला नाही. फाइलचे तुकडे होतात आणि ज्याच्याकडे जे आहे ते तो इतरांना देतो. ट्रॅकर फक्त कोण कुठे आहे ते सांगतो. त्यासाठी दोन संगणकांची थेट गाठ पडावी लागते, आणि गाठ पडायची तर निदान एकाला तरी बाहेरून कुणी जोडू शकले पाहिजे.

आपल्याला बहुधा जोडू शकत नाही. आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून ४२९ कोटी. आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये आटला आणि पत्त्यांचे रेशनिंग सुरू झाले. मग कंपन्यांनी शेकडो घरे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवली. याला सीजीनॅट म्हणतात, आणि भारतातल्या घरगुती कनेक्शनांत ते सर्रास आहे. राउटरच्या पानावर वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल (हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला) किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही त्या घरांपैकी एक. तुम्ही बाहेर जोडणी करू शकता, बाहेरून तुमच्याकडे कुणी येऊ शकत नाही. समोरचाही असाच असला तर दोघांची भेट जवळपास होतच नाही. त्यावर युक्त्या आहेत, पण भरवशाच्या नाहीत. उबुंटूला हजारो सीडर असल्याने हे जाणवत नाही. सीडर चारच असले आणि त्यातले तीन तुमच्यासारखेच बंदिस्त असले, की आडवा आठ.

नवशिक्या इथे रविवार घालवतो तो असा: १९२.१६८.१.१ उघडतो, पासवर्ड 'ॲडमिन' घालतो (तो चालतो, ही वेगळी काळजीची बाब), आणि पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर ६८८१ ते ६८८९ उघडून ठेवतो. याचा उपयोग शून्य. सीजीनॅट असेल तर तुमच्या राउटरच्या बाहेर कंपनीचाही एक अडसर आहे. आणि व्हीपीएन चालू असेल तर वाहतूक राउटरला दिसतच नाही; ती सांकेतिक होऊन थेट सिंगापूरला निघते. जोडणी यायची ती तिथल्या यंत्रावर. म्हणून पोर्ट उघडायचा तो व्हीपीएन पुरवठादाराकडे.

सगळे ही सोय देत नाहीत. मुलवाडने १ जुलै २०२३ पासून ती बंद केली, गैरवापराला कंटाळून. प्रोटॉन, एअरव्हीपीएन, प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस यांच्याकडे ती असते, तीही काही वेळा ठरावीक सर्व्हरवर किंवा पैसे भरून घेतलेल्या योजनेतच. ॲपमध्ये ती चालू केली की एक पोर्टचा आकडा मिळतो. तो आकडा टॉरंटच्या प्रोग्राममध्ये, समजा क्यूबिटटॉरंटमध्ये, 'कनेक्शन' सेटिंगमध्ये जसाच्या तसा घालायचा. काही ठिकाणी व्हीपीएन पुन्हा जोडले की आकडा बदलतो आणि कालपर्यंत पळणारे टॉरंट आज सरपटते. तेव्हा घाबरून आणखी काही बदलू नका, आधी आकडा जुळतो का ते पाहा. खालच्या पट्टीतले चिन्ह हिरवे झाले की काम झाले.

आणि आता भाच्याला कळवावे अशी गोष्ट. सीजीनॅटमागे बसलेल्या माणसाला पोर्ट देणारे व्हीपीएन लावले, तर कमी सीडरचे टॉरंट व्हीपीएनशिवाय चालते त्याहून जास्त वेगाने चालू शकते. 'व्हीपीएन बंद करून बघा' हा सल्ला अशा वेळी नेमका उलटा आहे.

जाता जाता: क्यूबिटटॉरंटच्या प्रगत सेटिंगमध्ये त्याला फक्त व्हीपीएनच्या नेटवर्क इंटरफेसशी बांधता येते, आणि बांधावे. मग व्हीपीएन पडले की टॉरंट शून्यावर येते. तो बिघाड नाही, त्यासाठीच ते बांधले होते. पण ओपनव्हीपीएन सोडून वायरगार्डवर आलात तर इंटरफेसचे नाव बदलते, प्रोग्राम जुन्या नावाची वाट बघत बसतो, आणि वाढवायला घेतलेला वेग थेट शून्य होतो. हे फार जणांना फसवते.

देणे

नवशिक्याला एक गोष्ट उपजतच सुचते: अपलोडची मर्यादा सेकंदाला १ किलोबाइट. आपला वेग आपल्यालाच, लोकांना कशाला? कोहेनने याचा विचार आधीच करून ठेवला आहे. शेजारणीकडून आलेली वाटी रिकामी परत जात नाही, तोच इथला कायदा. मूळ रचनेत प्रत्येक क्लायंट दर १० सेकंदांनी बघतो की आपल्याला सगळ्यात जास्त कोण देतो आहे, आणि मोजक्या चौघांनाच सढळ हाताने वाढतो. दर ३० सेकंदांनी एखाद्या अनोळख्याला नशीब अजमावायची संधी मिळते. रिकामी वाटी फिरवणारा मग त्या तीस सेकंदांच्या कृपेवर जगतो.

उलट टोकही वाईट. केबलच्या किंवा मोबाइलच्या जोडणीवर अपलोडची लाइन अरुंद असते; ती पूर्ण भरून टाकली तर 'तुकडा पोचला' ही पोचपावतीसुद्धा रांगेत अडकते, आणि पावती नाही म्हणून समोरचा हात आखडतो. डाउनलोड पडते, शिवाय शेजारच्या खोलीतून 'माझी मीटिंग अडकतेय' अशी हाक येते. व्हीपीएन चालू ठेवून अपलोड मोजा आणि त्याच्या सुमारे ८० टक्क्यांवर मर्यादा बांधा. जोडण्यांची संख्या मात्र हजारोंवर नेऊ नका. क्यूबिटटॉरंटचे मूळ आकडे, एकूण ५०० आणि एका टॉरंटला १००, पुरतात. 'जास्त जोडण्या म्हणजे जास्त वेग' हे व्हिडिओतल्या त्या उत्साही तरुणाचे मत आहे, आणि त्याचा राउटर बहुधा तुमच्या राउटरपेक्षा महाग आहे.

जिथे काहीच चालत नाही

सगळे हिरवे आहे, उबुंटू सुसाट उतरले, आणि तरी हवी ती फाइल ९८.७ टक्क्यांवर ठिय्या देऊन बसली. आता 'उपलब्धता' हा रकाना वाचा. तिथे १ च्या खालचा आकडा असेल, समजा ०.९८७, तर जमलेल्या सगळ्यांचे तुकडे एकत्र केले तरी फाइल पुरी होत नाही. शेवटचा तुकडा असलेला माणूस संगणक बंद करून झोपला आहे, किंवा त्याने ती फाइल पुसली आहे. कुठलेही व्हीपीएन त्याला उठवू शकत नाही. नवे ट्रॅकर चिकटवून पाहावेत, आशा फार धरू नये.

जुन्या मराठी पुस्तकांच्या शोधात इंटरनेट आर्काइव्हवर जाणाऱ्यांना हे वेगळ्या रूपात भेटते. तिथल्या टॉरंटला सीडर बहुतेक वेळा एकही नसतो. तुकडे येतात ते आर्काइव्हच्याच यंत्रांवरून, वेब सीड म्हणून. अमेरिकेतून, त्यांच्या सवडीने. पोर्ट उघडून तिथे काही फरक पडत नाही. फाइल एकच असेल तर साध्या दुव्यावरून उतरवणे बरे, आणि उतरली की टॉरंट चालू ठेवलेत तर त्या पुस्तकाला जगातला बहुधा पहिला सीडर मिळेल.

तक्रार

यानंतरही दुसरी मोजणी पडलेलीच असेल तर व्हीपीएनच्या मदतकेंद्राला लिहायला हरकत नाही. 'नेट स्लो आहे, पैसे परत द्या' हा मजकूर त्यांच्याकडे दिवसाला पुष्कळ येतो. त्याऐवजी लाइटबिलाच्या पाठीवरचे आकडे उतरवा: कनेक्शन १०० मेगाबिट, फायबर, वायरने जोडलेले. रात्री दहाला व्हीपीएनशिवाय ९४. सिंगापूर, वायरगार्डवर २१. पहाटे पाचला त्याच सर्व्हरवर ८३. दुसरा सर्व्हर, रात्री दहालाच, ७८. पिंग ६२. पोर्ट जुळलेला, चिन्ह हिरवे. म्हणजे पहिल्या सर्व्हरवर रात्री गर्दी आहे, ती तपासावी.

पहिले उत्तर येईल की ॲप काढून पुन्हा टाका. वाद न घालता टाकावे आणि तसे कळवावे. दुसरे उत्तर माणूस लिहितो.